एकट्याचा वेब व्यवसाय सांभाळून नागपूरसाठी नागरी माहितीची साइट : कुठून सुरुवात करावी?

प्रश्न : लॉन_ते_लेआऊट

नमस्कार. नागपुरात एकट्याच्या बळावर तीन लहान वेब उद्योग चालू आहेत : मंगल कार्यालयं आणि लॉनची यादी, बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी होस्टेल आणि मेसची यादी, आणि दुकानदारांच्या साइट बनवून त्यांची वार्षिक देखभाल. गुंतवणूकदार नाही, पगारावर कुणी नाही. आता याच कमाईतून शहरासाठी एक नागरी साइट चालवायची आहे. रस्ते, नाल्या, पथदिवे, पाणी हे तिचे विषय. आठवड्याला सहा ते आठ तास देता येतील.

जाणकारांना विचारायच्या गोष्टी :
तक्रारी घेणारी साइट करावी की फक्त माहितीची?
मनपाची कागदपत्रं नेमकी कशी आणि कुठून मिळवायची?
मराठी पीडीएफ उघडली की अक्षरांचा चिवडा होतो, त्याचं काय करायचं?
वर्षाचा खर्च किती येईल, आणि धंद्याचा पैसा व नागरी काम एकमेकांत मिसळू नये म्हणून काय करायचं?

---

उत्तर : चेंबरझाकण

तक्रारपेटी करू नका. शहराला गरज आहे ती "हे काम कुणाचं?" या एका प्रश्नाचं खरं उत्तर देणाऱ्या पानाची.

इंग्लंडमध्ये मायसोसायटी या संस्थेनं २००७ साली फिक्समायस्ट्रीट ही रस्त्यांच्या तक्रारी नोंदवण्याची साइट सुरू केली. त्याचा नकाशा सगळ्यांना दिसतो, पण जीव आहे आतल्या तक्त्यात : या ठिकाणी या प्रकारचं काम कुठल्या कार्यालयाकडे येतं, हे त्यात नोंदलेलं असतं. तो तक्ता नसेल तर तुमच्याकडे खड्ड्यांचे फोटो साचत जातील, पुढे कुणाकडे पाठवायचे ते कळणार नाही, आणि लोक सहा महिन्यांत यायचे बंद होतील. फिक्समायस्ट्रीटचा कोड खुला आहे, हवा तर घ्या, पण तक्ता आपल्यालाच बांधावा लागतो.

नागपुरात हे काम किचकट आहे, म्हणूनच ते करण्यासारखं आहे. एकाच चौकातून निघणारे रस्ते मनपा, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) अशा वेगवेगळ्या हातांत असू शकतात. त्यात महामेट्रोच्या खांबांखालचा भाग आणि महावितरणनं केबलसाठी खोदलेला चर आला की सामान्य माणूस थकून जातो. नासुप्रच्या ५७२ आणि १९०० अभिन्यासांबद्दल (ले-आऊटबद्दल) तर "हस्तांतरण झालं का?" हाच मूळ प्रश्न असतो. मनपा म्हणते नासुप्रकडे जा, नासुप्र म्हणतं मनपाकडे जा. त्यामुळे प्रत्येक ले-आऊटसमोर "हस्तांतरणाचा कागद आहे / नाही, असल्यास तारीख" एवढा एक रकाना भरलात तरी तो फार मोलाचा होईल.

तक्ता असा बांधा. एक ओळ म्हणजे एक रस्त्याचा तुकडा, चौक ते चौक. रकाने : दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश, बोलीतलं नाव, कागदावरचं नाव, मालकी कुणाची, मालकी सांगणारा कागद कोणता, शेवटचं डांबरीकरण किंवा काँक्रीटीकरण कधी, कंत्राटदार कोण, दोषदायित्वाची मुदत कधी संपते. हा शेवटचा रकाना विसरू नका. मुदत चालू असताना रस्ता उखडला तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चानं व्हायला हवी, पण ती तारीख रहिवाशांना माहीतच नसते आणि मुदत गुपचूप निघून जाते.

ओळखक्रमांकात प्रभागाचा आकडा घालू नका, हे आताच ठरवा. २०१२ ची निवडणूक दोन सदस्यांच्या प्रभागांवर झाली, २०१७ ची चार सदस्यांच्या पद्धतीनं, ३८ प्रभाग आणि १५१ जागा. हद्दी आणि आकडे दोन्ही बदलले. "प्रभाग १६" असं लिहून ठेवलेली जुनी नोंद आज वाचली तर ती भलत्याच मोहल्ल्याची निघते. नोंद अक्षांश-रेखांशावर ठेवा, आणि प्रभाग-हद्दीचा नकाशा वेगळ्या फाइलमध्ये "कधीपासून कधीपर्यंत लागू" या दोन तारखांसह. झोन मात्र चालेल. दहा झोन आहेत : लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. रोजची कामं झोन कार्यालयातूनच हलतात.

पायाभूत नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा घ्या. त्याची परवान्याची अट एवढीच की श्रेय ठळक द्यायचं, आणि त्यात भर घालून बनवलेला नकाशा-विदा (डेटा) खुलाच ठेवायचा. महाल-इतवारीच्या बोळांत फोनचं जीपीएस वीस-तीस मीटर सहज चुकतं, म्हणून टाचणी माणसानं हातानं हलवावी अशी सोय ठेवा. ठिकाण शोधण्यासाठी पत्त्यापेक्षा खूण जास्त कामाची. "प्लॉट नं. ४७" म्हटल्यानं काही कळत नाही, कारण प्रत्येक ले-आऊटचे क्रमांक एकपासून सुरू होतात.

---

उत्तर : नस्ती_आणि_टाचणी

कागद मिळवण्याबद्दल. सगळीकडे लगेच माहिती अधिकाराचा अर्ज ठोकू नका. पायऱ्या अशा घ्या.

आधी कलम ४(१)(ख). माहिती अधिकार कायदा २००५ मधलं हे कलम प्रत्येक कार्यालयानं सतरा बाबी स्वतःहून जाहीर कराव्यात असं सांगतं : अधिकाऱ्यांची कामं, अंदाजपत्रक, अनुदान, जन माहिती अधिकाऱ्याचं नाव वगैरे. मनपाच्या संकेतस्थळावर विभागवार जे असेल ते सगळं उतरवून घ्या, आणि फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख घाला. पुढच्या वर्षी तीच कडी (लिंक) बंद असते किंवा तिथे नवी फाइल असते. उतरवलेल्या पानाचा पत्ता वेबॅक मशीन या वेबपानं जपणाऱ्या संग्रहातही जतन करून टाका, म्हणजे उद्या कुणी "असं नव्हतंच" म्हटलं तर पुरावा तिसऱ्याच ठिकाणी असतो.

मग निविदा. राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर नागपूर मनपाच्या ई-निविदा येतात. निविदा चालू असतानाच संपूर्ण संच जपून ठेवा. मुदत संपली की सूचना दिसत राहते, पण अटी-शर्तींचे आणि परिमाणांचे कागद सहज हाती लागत नाहीत. दोषदायित्वाची मुदत याच अटींमध्ये लिहिलेली असते.

त्यानंतर दप्तर पाहणी. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. परिपत्रकाची प्रत सोबत न्या. काय पाहायचं ते आधी ठरवा, कारण "रस्त्यांच्या फायली दाखवा" म्हटलं तर काहीच दिसत नाही. "अमुक झोन, अमुक कामाचा कार्यादेश (वर्क ऑर्डर) आणि मोजमाप पुस्तिका" म्हटलं की नस्ती (फाइल) निघते.

एवढं करून जे उरेल त्यासाठी अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांत दोन अटी आहेत ज्यांवर नवखे अडतात : अर्ज एकाच विषयाचा हवा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसायला हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. झेरॉक्स प्रतीचे पानाला २ रुपये. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तुम्हाला परत करायचा नसतो.

मजकुराचा नमुना : "धंतोली झोन अंतर्गत दि. १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षात पूर्ण झालेल्या रस्ते कामांबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात : (१) कार्यादेश (२) मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने (३) काम पूर्णत्वाचा दाखला (४) निविदेतील दोषदायित्व कालावधीचे पान. माहिती संगणकीय स्वरूपात उपलब्ध असल्यास त्याच स्वरूपात द्यावी." वर्ष अर्थातच आकड्यांत घाला. शेवटचं वाक्य सोडू नका. एक्सेलची फाइल मिळाली तर आठवड्याचं टंकलेखन वाचतं. कलम ७(९) सांगतं की मागितलेल्या स्वरूपात माहिती सामान्यतः द्यावी.

"का केलं नाही", "कधी करणार", "हे योग्य आहे का" असे प्रश्न विचारू नका. कायदा अस्तित्वात असलेला कागद मिळवून देतो, खुलासा मिळवून देत नाही. अशा प्रश्नांवर अर्ज निकाली निघतो आणि तीस दिवस वाया जातात.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर तो नकार समजायचा आणि पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करायचं, शुल्क २० रुपये. तिथूनही काही झालं नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबईला जावं लागत नाही. आणि मुदत उलटल्यावर दिलेली माहिती कलम ७(६) नुसार मोफत द्यावी लागते. उशिरानं "झेरॉक्सचे पैसे भरा" असं पत्र आलं तर या कलमाचा उल्लेख करून उत्तर द्या.

अर्ज तुमच्या साइटच्या नावानं करू नका. माहिती मागण्याचा हक्क नागरिकाचा आहे, म्हणून अर्जदाराच्या जागी व्यक्तीचं नाव हवं.

---

लॉन_ते_लेआऊट

मनापासून आभार. दोन गोष्टी अडल्या आहेत. एक, मनपाच्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की "´ÖÆüÖ" छापाची चिन्हं येतात. दुसरी, माहिती अधिकारात आलेल्या कागदांवर लोकांची नावं आणि फोन नंबर असतात. ते कागद जसेच्या तसे टाकावेत का?

---

उत्तर : रफार

ती चिन्हं म्हणजे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टचा मजकूर. महाराष्ट्रातल्या सरकारी कागदांत बहुतेकदा डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा योगेश सापडतात, छापखान्यातून आलेल्या पुस्तिकांमध्ये श्रीलिपी. पीडीएफच्या गुणधर्मांत फॉन्टची यादी असते, आधी ती पाहा. प्रत्येक कुळाचा संकेततक्ता वेगळा आहे, त्यामुळे सुरेखचा परिवर्तक श्रीलिपीवर चालवला तर अर्धं बरोबर अर्धं चूक असं काहीतरी निघतं. ते पूर्ण चुकण्यापेक्षा घातक, कारण नजरेतून सुटतं.

परिवर्तन झाल्यावर दोन जागा हमखास तपासा. ऱ्हस्व वेलांटी : जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये नंतर येते. जोडाक्षर आलं की परिवर्तक गोंधळतो आणि "स्थिती"ची मोडतोड होते. दुसरा रफार : जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर असतो, युनिकोडमध्ये आधी. "कार्यादेश", "अर्ज", "मार्ग", "खर्च" हे चार शब्द शोधून पाहा. चारही नीट सापडले तर बाकीचं बरंचसं नीट आहे.

कागद स्कॅन केलेला असेल तर फॉन्टचा प्रश्नच नाही, तिथे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन. टेसरॅक्टमध्ये मराठीचा भाषासंच आहे, मोफत आहे. स्कॅन ३०० डीपीआयला, करड्या रंगात, तिरपं असेल तर सरळ करून. मोबाइलनं काढलेल्या फोटोत पानाच्या कडेला सावली येते आणि तिथले आकडे जातात, म्हणून काचेखालचा स्कॅनरच बरा. घ-ध, भ-म आणि ख-रव या जोड्या चुकतात. आकड्यांत १ आणि ९ ची अदलाबदल सर्वात वाईट, कारण एक लाखाचे नऊ लाख होतात. यावर एकच उपाय खात्रीचा : रकान्याची बेरीज स्वतः करून कागदावरच्या एकूण बेरजेशी ताडायची. जुळेपर्यंत तो तक्ता प्रकाशित करायचा नाही.

शोधासाठी आणखी एक बारकी गोष्ट. "ॲ" हे एकच चिन्ह म्हणूनही टंकता येतं आणि "अ" वर चंद्र देऊनही. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. शब्दांच्या मध्ये न दिसणारी शून्यरुंदीची जोडचिन्हंही राहून जातात. "लक्ष्मीनगर" आणि "लक्ष्मी नगर" हे तर लिहिणाऱ्यावर अवलंबून. शोधाच्या सूचीत घालण्याआधी सगळा मजकूर एकाच रूपात आणा, न दिसणारी चिन्हं काढा आणि ठिकाणांच्या नावांतली मोकळी जागा मिटवा. मूळ मजकूर मात्र दाखवण्यासाठी तसाच जपा.

आता नावं झाकण्याबद्दल. हा भाग कृपा करून घाईनं करू नका, इथल्या चुकीची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागते. पीडीएफवर काळी पट्टी काढली म्हणजे मजकूर गेला असं होत नाही. पट्टीखालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. पान आधी चित्रात रूपांतरित करा, चित्रावर पट्टी भरा, मग त्या चित्रांची नवी पीडीएफ करा. झाकायचं काय : खासगी माणसाचं नाव, पत्ता, फोन, सही, आधार किंवा बँकेचा क्रमांक. उघडं काय ठेवायचं : अधिकाऱ्याचं पदनाम, कंत्राटदार संस्थेचं नाव, रकमा, तारखा. लोकांनी पाठवलेल्या फोटोंतही ठिकाणाची आणि वेळेची माहिती दडलेली असते. फोटो १२८० पिक्सेल रुंदीला लहान करताना ती पुसून टाका. चार एमबीचा फोटो दोनशे केबीच्या आसपास येतो, तोही फायदाच.

---

उत्तर : पै_पै

पैशाचं सांगतो. खर्च लोकांना वाटतो तितका नाही. साइट स्थिर पानांची ठेवा : तक्ते सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्ता-फाइलीत), ह्यूगोसारख्या साधनानं पानं तयार, गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर मोफत. गिटहब पेजेसची साइटमागे १ जीबीची मर्यादा आहे, म्हणून स्कॅन केलेल्या पीडीएफ तिथे ठेवू नका. त्या इंटरनेट आर्काइव्हवर चढवा आणि कडी द्या. शोध किंवा फॉर्म हवाच असेल तर १ जीबी रॅमचा सर्व्हर महिना पाच-सहा डॉलरला मिळतो. दहा झोनला तिमाहीला एक असे वर्षाचे ४० अर्ज म्हणजे ४०० रुपये. त्यातले दहा अपिलात गेले तर २०० रुपये. हजार पानांच्या प्रती २,००० रुपये. डोमेन, टपाल धरून वर्ष दहा-बारा हजारांत बसतं. खरा खर्च तुमच्या तासांचा आहे, आणि तो धंद्यातूनच भरून निघायला हवा.

याचं सर्वात शिकण्यासारखं उदाहरण क्रेग्सलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या अमेरिकी साइटचं आहे. क्रेग न्यूमार्कनं १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमांची ईमेल यादी म्हणून ते सुरू केलं. बहुतेक जाहिराती फुकट आणि नोकऱ्यांसारख्या मोजक्याच प्रकारांना शुल्क, एवढ्यावर ते उभं राहिलं. पुढे त्याच कमाईतून त्यानं नागरी कामाला आणि पत्रकारितेला देणग्या दिल्या. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या पत्रकारिता विद्यालयाला २ कोटी डॉलर दिले आणि त्या विद्यालयाला त्याचं नाव मिळालं. आणि हेही खरं की फुकट जाहिरातींमुळे तिथल्या वर्तमानपत्रांचं छोट्या जाहिरातींचं उत्पन्न खालावलं. आपला धंदा शहरातून काय काढून घेतो आणि शहराला काय परत देतो, ही दोन्ही टोकं एकदम पाहिली पाहिजेत. त्याच्याकडून घ्यायचं ते एवढं : धंद्याच्या एकाच भागाला किंमत लावा, तो भाग नागरी कामाचा नसावा, आणि नागरी पानांवर जाहिरात नको.

तुमच्या बाबतीत लॉनच्या यादीचं वार्षिक ठरावीक शुल्क घ्या. बुकिंगची रक्कम स्वतःकडे गोळा करून कमिशन कापू नका. तसं केलंत की जीएसटीत ई-कॉमर्स ऑपरेटर ठरता आणि सेवांसाठीची २० लाखांची सूट हातून जाते, नोंदणी सक्तीची होते.

हितसंबंध : मनपाचं कंत्राट असलेला, निविदा भरणारा किंवा निवडणूक लढवणारा माणूस तुमच्या देखभालीच्या ग्राहकांत असेल तर ते नागरी साइटवर एका ओळीत जाहीर करा. निवडणुकीच्या काळात उमेदवारांच्या साइट बनवण्याचं काम चांगले पैसे देतं, हे खरं. पण ते एकदा घेतलं की तुमच्या रस्त्यांच्या तक्त्याकडे लोक संशयानंच पाहतील. ते काम सोडा. पैसे नंतर कमावता येतात.

देणग्या घ्यायच्या असतील तर सावध. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट आली तर ती सगळी रक्कम करपात्र उत्पन्नात येते. परदेशी नागरिकांचे पैसे विदेशी अंशदान कायद्याखाली येतात. अमेरिकेत स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेतलेला नागपूरचा माणूसही त्यात मोडतो, भारतीय पासपोर्टवाला मोडत नाही. म्हणून देणगीचं पान देशातल्या यूपीआयपुरतंच ठेवा. पसारा वाढला तर सार्वजनिक न्यास किंवा कलम ८ ची (ना-नफा) कंपनी करता येईल, पण पहिल्या वर्षी त्याची गरज नाही. देणगी नकोच म्हणालात तर सर्वात सुटसुटीत.

कायद्याचं थोडक्यात. वाचकांना काही टाकू दिलंत की तुम्ही माहिती तंत्रज्ञान कायद्यातले मध्यस्थ होता. मग तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा (एकट्याच्या साइटवर तो तुम्हीच) आणि आलेल्या तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या आणि घुसखोरी झाली तर सहा तासांत कळवायचं. लिहिताना कागद काय म्हणतो ते लिहा. "कार्यादेशात जाडी अमुक, मोजमाप पुस्तिकेत तमुक" हे वाक्य टिकतं. "पैसे खाल्ले" हे वाक्य भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, म्हणजे बदनामीत, नेऊन बसवतं. मनपाचं बोधचिन्ह किंवा राजमुद्रा वापरू नका, आणि डोमेनच्या नावात मनपाची आद्याक्षरंही नकोत. साइट सरकारी नाही हे पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात.

---

उत्तर : टाकीवरचा_वॉल्व्ह

पाण्याबद्दल एकच मुद्दा, पण तो चुकला तर सगळं पान चुकतं. पाणीपुरवठा बंद असल्याच्या सूचना प्रभागानुसार निघत नाहीत, जलकुंभानुसार (पाण्याच्या टाकीनुसार) निघतात : अमुक जलकुंभाच्या कमांड एरियात, म्हणजे त्या टाकीतून पाणी मिळणाऱ्या भागात, अमुक वेळ शटडाउन. जलकुंभाची हद्द झोनशी जुळत नाही, प्रभागाशीही नाही. एकाच गल्लीच्या दोन बाजू दोन टाक्यांवर असतात. त्यामुळे "जलकुंभ ते वस्ती" असा वेगळा तक्ता लागेल. जुन्या शटडाउन सूचनांत वस्त्यांची नावं दिलेली असतात. वर्षभराच्या सूचना एकत्र केल्या की तो तक्ता बराचसा भरतो. जी वस्ती दोन टाक्यांखाली दिसेल तिथे दोन्ही नावं ठेवा, अंदाजानं एक निवडू नका.

आणि पुराचे इशारे स्वतःच्या डोक्यानं देऊ नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा लोक झोपेत होते. अशा वेळी चुकीचा किंवा उशिरा आलेला इशारा जिवावर बेततो. हवामान खात्याच्या प्रादेशिक केंद्राचा आणि महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा मूळ संदेश, वेळेसह, जसाच्या तसा. तुमच्या साइटचं काम पुराच्या आधीच्या आठ महिन्यांचं आहे : कुठला नाला कधी साफ झाला, त्याचा कार्यादेश कुठे आहे.

---

उत्तर : खांब_क्रमांक

@चेंबरझाकण, तक्रारी मुळीच नकोत हे पटत नाही. नुसते कागद लावलेली साइट रहिवाशाला आपली वाटत नाही. एक प्रकार घ्या : बंद पथदिवे. कारण खांबावर क्रमांक असतो, तक्रार "खरी की खोटी" हा वाद नसतो, आणि दिवा लागला की नाही ते कुणीही त्या रात्री पाहू शकतो.

तुम्ही स्वतः तक्रार पुढे नेऊ नका. फॉर्ममध्ये खांब क्रमांक, खूण, आणि मनपाकडे नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक एवढंच विचारा. मनपाचा क्रमांक नसेल तर आधी तो कसा घ्यायचा ते पान दाखवा, नोंद स्वीकारू नका. मग साइटवर दिसतं : नोंद कधी झाली, मनपाच्या लेखी "निकाली" कधी, आणि रहिवाशाच्या डोळ्यांनी दिवा कधी लागला. या शेवटच्या दोन तारखांमधलं अंतरच खरी माहिती आहे, आणि ती दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

फोन नंबर घेऊ नका, निदान दाखवू तरी नका. एसएमएसनं कळवायचं म्हटलं तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी-प्रणालीवर संस्था, शीर्षक आणि प्रत्येक मजकुराचा साचा नोंदवावा लागतो. एकट्या माणसासाठी ते ओझं आहे. टेलिग्रामचा बॉट फुकटात होतो, नाहीतर नोंदीच्या पानाची कडीच द्या, माणूस येऊन पाहील.

---

चेंबरझाकण

@खांब_क्रमांक, या रूपात मान्य आहे. मनपाचा तक्रार क्रमांक सक्तीचा केला की फुकाच्या नोंदी आपोआप गळतात, आणि तुम्ही मधले दलाल होत नाही. फक्त एकच झोन घ्या, आणि खांब महावितरणचा की मनपाचा ते फॉर्ममध्येच विचारा. लोक विजेच्या खांबावरचा क्रमांक टाकतात आणि मग तो पथदिव्यांच्या यादीत सापडत नाही.

---

लॉन_ते_लेआऊट

ठरलं असं : धंतोली झोन, पहिले सहा महिने. रस्त्यांचा मालकी-तक्ता आणि दोषदायित्वाच्या तारखा, सोबत बंद पथदिवे. पाणी दुसऱ्या टप्प्यात. शेवटची शंका : सगळं एकाच माणसाच्या हातात आहे. आजारपण आलं, शहर सुटलं, तर साइटचं काय?

---

उत्तर : नस्ती_आणि_टाचणी

हे पहिल्याच आठवड्यात बांधून ठेवा, नंतर होत नाही. डोमेन एकदम पाच वर्षांचं भरा. मुदत संपलेली नागरी साइट कुणीतरी उचलतं आणि तिथे सट्ट्याच्या जाहिराती लागतात, मग जुन्या सगळ्या कड्या लोकांना तिकडे नेतात. डोमेनचं खातं तुमच्या धंद्याच्या ईमेलवर नको, वेगळ्या ईमेलवर हवं, आणि पुनर्प्राप्तीचे संकेत छापून पाकिटात दुसऱ्या एका विश्वासू माणसाकडे. सीएसव्ही आणि कोड उघड्या भांडारात ठेवा, क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेय परवान्यासह, म्हणजे परवानगी न मागता कुणीही पुढे चालवू शकेल. प्रत्येक रकान्याचा अर्थ काय आणि तो कुठल्या कागदातून भरतात, हे मराठीत एका पानावर लिहून त्याच भांडारात टाका.

प्रलंबित माहिती अधिकार अर्जांची वहीही तिथेच : अर्जाची तारीख, कार्यालय, तीस दिवस कधी पूर्ण होतात, अपिलाची शेवटची तारीख. अर्ज व्यक्तीच्या नावावर असल्यानं तुमचे चालू अर्ज दुसऱ्याला पुढे नेता येणार नाहीत, पण तेच १५० शब्द नव्या नावानं दुसऱ्या दिवशी दाखल करता येतात.